सरकारने चुकून जास्त दिलेला भत्ता वसूल करावा की सोडून द्यावा?

अर्धविराम:
बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढला. बेकारभत्ता, अपंगांची मदत, मुलांच्या सांभाळाचे पैसे असं काही घेणाऱ्यांना सरकार कधीकधी जास्त पैसे देऊन बसतं आणि मग दोन-चार वर्षांनी पत्र येतं की एवढे जादा गेलेत, परत भरा. तोवर ते भाड्यात नि औषधात संपलेले असतात, शिल्लक टाकणारा माणूस मुळात हा भत्ता घेत नाही. अशी थकबाकी सरसकट माफ करावी का? एक मन म्हणतं बँकेने चुकून खात्यात टाकले तर आपण परत देतोच ना, मग इथे वेगळं का. दुसरं म्हणतं ज्याच्याकडे नाहीच्चे त्याच्याकडून घेणार काय. मुद्दाम फसवणाऱ्यांना यातून बाजूला ठेवू. राजकारण नको प्लीज.

रोखठोक:
माफ कशाला? ज्याने काम लागल्याबरोबर कळवून भत्ता बंद करून घेतला तो काय येडा? एकदा सोडून दिलं की पुढच्या खेपेला उत्पन्न कळवायचे कष्ट कोण घेणार. हवं तर हप्ते पाडून द्या, पण घ्या.

तिसरा_मजला:
रोखठोक, तुमचं म्हणणं तेव्हा बरोबर जेव्हा देणं खरंच असतं. ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण बघा, २०१६ च्या सुमारास तिथल्या सरकारने जादा गेलेल्या भत्त्याची वसुली कॉम्प्युटरवर सोपवली, आणि कॉम्प्युटर काय करायचा तर करखात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचा आणि २६ पंधरवड्यांत सारखं वाटून टाकायचा. म्हणजे एखादा सहा महिने बेकार होता, तेव्हा रीतसर भत्ता घेतला, नंतर सहा महिने नोकरी केली, तर कागदावर तो वर्षभर कमावतोय असं दिसणार आणि बेकारीतला भत्ता 'जादा' ठरणार! वर तुम्हीच सिद्ध करा की नव्हतो कमावत, काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा आणा. कुठून आणणार, तो मालक तरी जागेवर असतो का. २०२१ मध्ये कोर्टाने म्हटलं की चार लाखांहून जास्त लोकांवर मिळून १७० कोटी डॉलरच्या वर बेकायदा देणी लादली होती. सरकारला भरलेले पैसे परत करावे लागले. आता यात माफ करण्यासारखं काय होतं, ते लोक काही देणं लागतच नव्हते. काहींनी आत्महत्या केल्या, ते पुढे चौकशी आयोगासमोर आलं.
त्यामुळे माफी की वसुली यावर भांडण्याआधी आकडा कोणी काढला आणि कसा, हे विचारायला पाहिजे. सिद्ध करायचं काम मागणाऱ्याचं.

हिशेबनीस:
वसुलीच्या क्षेत्रात काम केलंय (सरकारी नाही) म्हणून थोडं बोलतो. भत्तेवाल्याकडून वसूल करणं सरकारला फार सोपं असतं कारण पुढचा भत्ता त्यांच्याच हातात, परस्पर कापून घेतात. खाजगी सावकाराला ही सोय नाही. मग प्रश्न उरतो किती कापायचं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले (म्हाताऱ्यांना नि अपंगांना पेन्शन देणारं सरकारी खातं) आधी महिन्याची पूर्ण रक्कम अडवायचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या हातात शून्य, मार्च २०२४ मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं, २०२५ मध्ये सरकार बदललं तर परत १०० ची घोषणा, त्यावर आरडाओरडा झाल्यावर ५०. म्हणजे माणूस तोच, थकबाकी तीच, आणि घरखर्च चालणार की नाही हे खुर्चीवर कोण बसलाय त्यावर.
तिथे माफीची तरतूद आधीपासून आहे बरं का, तुमची चूक नसेल आणि वसुली केल्याने पोटापाण्याचे वांधे होणार असतील तर सोडून देता येतं. पण अर्ज करावा लागतो, खर्चाचे कागद जोडावे लागतात. ज्याला याची सर्वात जास्त गरज त्यालाच हे सर्वात कमी जमतं, त्यामुळे 'तरतूद आहे की' म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

सहज_वाचक:
नेदरलँड्स विसरलात काय लोकहो. मुलांच्या पाळणाघराचा भत्ता, एखादी सही राहिली किंवा स्वतःचा हिस्सा जरा कमी भरला तर अख्ख्या वर्षाचे पैसे परत मागायचे. हजारो आईबापांना फसवे ठरवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यापायी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. भरपाई प्रत्येकी ३०,००० युरो ठरली, पण लोक तोवर इतके कर्जात बुडलेले की ती सगळी सावकारच घेऊन गेले असते, म्हणून सरकारने आपली येणी सोडलीच, वर बाहेरची कर्जंही स्वतः फेडायला घेतली. आधी नीट वागले असते तर स्वस्तात पडलं असतं.

रोखठोक:
ठीके, सरकारने खोटा आकडा काढला तर नको, हे कोणीही मान्य करेल. पण आकडा खरा असेल आणि माणसाने कळवलंच नसेल तर? त्याचं उत्तर कोणी दिलं नाही अजून.

तिसरा_मजला:
त्यातही बघा ना. ब्रिटनमध्ये घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना भत्ता असतो, २०२४ मध्ये आठवड्याला ८१.९० पौंड, आणि तेव्हा बाहेरची कमाई १५१ च्या आत लागायची. १५२ झाली की एक पौंड कापायचे नाहीत, त्या आठवड्याचे पूर्ण ८१.९० परत. पार्टटाइम करणाऱ्या बाईने सणासुदीला चार तास जास्त केले की गेली ती. करखात्याकडून भत्ता देणाऱ्या खात्याला कमाईची माहिती मिळत होती, पण सगळी तपासलीच जात नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षं आकडा वाढत हजारोंवर गेला. बाईने कळवायला हवं होतं, मान्य. पण खात्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर देणं फार तर तीन-साडेतीनशे पौंडांचं झालं असतं, पुढचं सगळं खात्याच्या झोपेचं, ते तिच्याकडून का घ्यायचं?

अर्धविराम:
हे पटलं. म्हणजे खात्याला माहिती मिळाली त्या दिवसापासून पुढचं त्यांच्या खात्यावर. मग एक मुदतही हवी ना, जुनी प्रकरणं किती मागे जाऊन उकरायची?

हिशेबनीस:
ऑस्ट्रेलियात सहा वर्षांची मर्यादा होती, २०१७ पासून काढून टाकली, चौकशी आयोगाने २०२३ मध्ये ती परत आणा म्हणून सुचवलं. आपल्या सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा एक निकाल आहे, भत्त्याचा नाही, सरकारी कर्मचाऱ्यांना चुकून जादा दिलेल्या पगाराचा. त्यात तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतले, निवृत्त झालेले, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा मिळालेले यांच्याकडून वसुली करू नये असं म्हटलंय. पगारदाराला जे लागू, ते भत्तेवाल्याला का नको.

रोखठोक:
पाच पण जास्त आहेत, दोन करा. दोन वर्षांत ज्या खात्याला स्वतःची चूक सापडत नाही त्याने गप बसावं. पण दोन वर्षांच्या आतलं घ्यायचंच, १० टक्क्यांनी का होईना, यावर मी हलणार नाही.