नागली पापडाच्या धंद्यासाठी डोमेन नाव सुचवा (बजेट वर्षाला १५००)

पेठरोडची_सून
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मोठी जाऊ मिळून नाशिकला नागलीचे (नाचणीचे) पापड, कुरडया आणि नागलीचं पीठ करतो. नागली सुरगाण्याकडून येते, बाकी सगळं घरच्या गच्चीवर. आत्तापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भागलं, पण पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं 'लिंक पाठवा' म्हणतात. साइट भाचा करून देणार आहे, नाव तेवढं आम्हाला घ्यायचंय. डोक्यात 'दोघी जावा' आहे. डॉट कॉम घ्यावं की डॉट इन? आणि 'जावा'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये व्ही की डब्ल्यू? बजेट वर्षाला १५००. वर एक रुपया नाही, जाऊबाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

गंगापूररोडकर
डॉट कॉम. दुसरीकडे बघूच नका. माझ्या फर्निचर शोरूमचं नाव आधीच कोणीतरी घेऊन ठेवलं होतं, त्याच्याकडून साठ हजाराला सोडवून घेतलं. लोक हसले तेव्हा. आज तेच लोक विचारतात, विकणार का म्हणून. नाव ही इस्टेट असते.

मिसळपंथी
काका, ताईंनी १५०० लिहिलंय.

गंगापूररोडकर
वाचलं मी. स्वस्तातला माल स्वस्तच दिसतो.

अंबड_वर्कशॉप
नावात 'नाशिक' हवंच. लोक गूगलवर 'नाशिक पापड' टाकतात, 'दोघी जावा' कोण टाकणार? फक्त एक भानगड आहे. आमच्या जुन्या लेटरहेडवर नाशिकच्या स्पेलिंगमध्ये नुसता एस, नवीन पोरांना एसएच पाहिजे. शेवटी दोन्ही नावं घेतली. दर वर्षी दोन्हीचं रिन्यूअल भरतो आणि गिऱ्हाईक तरी फोन करूनच पत्ता विचारतं.

कॉलेजरोड_ब्रँडिंग
सगळे डॉट कॉम-डॉट इन करताय, कोणी नाव रोमन लिपीत लिहून पाहिलं का? 'दोघी'ची सुरुवात डी-ओ-जी. पुढे सगळं चिकटवून लिहिलं की मुंबईचा माणूस आधी 'डॉग' वाचणार. मला तर कुत्र्यांच्या बिस्किटांचं दुकान वाटलं. नाव बदला.

मिसळपंथी
😂😂 आणि 'जावा' वाचून इंजिनिअरिंगची पोरं फी विचारायला येतील.

निफाडचा_गहू
हो ना, डॉग वाचलं जातंय. मीही तेच म्हणणार होतो.

ओझर_रिटायर्ड
मी सरकारी नोकरीत ३४ वर्षं काढली, अनुभवाने सांगतो. आधी ट्रेडमार्क, मग डोमेन. पापड बहुतेक क्लास ३० मध्ये (खाद्यपदार्थांचा एक वर्ग) बसतो. वैयक्तिक किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४५००. आणि नुसतं गावाचं नाव आणि मालाचं नाव जोडून ट्रेडमार्क सहजी मिळत नाही, म्हणून 'नाशिक पापड' वगैरेच्या नादी लागू नका.

पेठरोडची_सून
काका, ४५०० आत्ता जमणार नाहीत.

ओझर_रिटायर्ड
मग निदान ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर सर्च करा, तो फुकट आहे. उद्या कोणाची नोटीस आली तर डोमेन, पाकिटं, सगळंच बदलावं लागेल. तसंच पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षेचा) नंबर आहे का? नसेल तर डोमेन राहू द्या, आधी ते करा.

पेठरोडची_सून
नंबर आहे. तो गेल्या दिवाळीच्या आधीच काढला.

सातपूर_सीए_नाही
जीएसटीचं बघितलं का? गोल पापडाला नाही, चौकोनी पापडाला लागतो.

ओझर_रिटायर्ड
चूक! ती २०२१ सालची अफवा. सीबीआयसीने, म्हणजे जीएसटी बघणाऱ्या केंद्राच्या कर मंडळाने, तेव्हाच जाहीर खुलासा केला होता की पापडाला जीएसटी माफ आहे आणि आकाराचा काही संबंध नाही.

सातपूर_सीए_नाही
आमच्या सीएंनी सांगितलं होतं.

मिसळपंथी
सीए बदला. आणि त्रिकोणी पापडाचं काय ते पण विचारून घ्या.

देवळाली_डेव्हलपर
जरा कामाचं सांगतो, बाकीच्यांचं चालू द्या.
डॉट कॉम-डॉट इनपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे नाव कोणाच्या खात्यात राहणार. भाच्याच्या ईमेलवर घेऊ नका. पोरगं चांगलंच असेल, पण उद्या नोकरीला बंगळुरूला गेलं, नंबर बदलला, की ओटीपी त्याच्याकडे आणि धंदा तुमच्याकडे. खातं तुमच्या किंवा जाऊबाईंच्या नावाने, तुमच्या मोबाइलवर, पासवर्ड वहीत. भाच्याला लागतील तेवढ्या सेटिंग द्या.
दुसरं, पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका. जाहिरातीत शे-दोनशे दिसतात, पुढच्या वर्षी तेच नाव हजाराच्या आसपास जातं. पैसे भरायच्या आधी रिन्यूअलचा दर बघा, तो त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतो. १५०० मध्ये एक नाव आरामात बसतं. फक्त होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ईमेल, 'सिक्युरिटी' असले टिकमार्क काढायचे. ते आपोआप लागलेले असतात.

गंगापूररोडकर
ईमेल तरी घ्याच. जीमेलचा पत्ता दिला की माणूस किरकोळ वाटतो.

निफाडचा_गहू
रिन्यूअलचं बरोबर आहे. आमच्या द्राक्षाच्या ग्रुपचं डॉट कॉम होतं. ज्याच्याकडे काम दिलं होतं त्याने भरलंच नाही. मुदत संपली तरी काही दिवस नेहमीच्या भावात सोडवता येतं, त्यानंतर महिनाभर दंडाचा भाव, तो बराच जास्त. तोही काळ गेला की कोणीही उचलतं. आता आमच्या नावावर जुगाराची साइट चालते. मागच्या वर्षीचं व्हिजिटिंग कार्ड घेऊन एक व्यापारी आला, म्हणाला तुमची साइट उघडली तर रमी निघाली.

मिसळपंथी
द्राक्षापेक्षा मार्जिन जास्त असेल त्यात.

सिंहस्थ२७
नावात 'कुंभ' टाका ताई. २०२७ ला इथे भाविकांची गर्दी बघा, नागली पापड उपवासाला चालतो का माहीत नाही पण गर्दी तर येणारच. माझ्या मावसभावाने कुंभची बरीच नावं घेऊन ठेवलीत. पाहिजे तर बोलतो त्याच्याशी, घरचा भाव लावेल.

अंबड_वर्कशॉप
आणि २०२८ ला काय करायचं त्या नावाचं?

सिंहस्थ२७
२०३९ ला परत कुंभ आहेच की.

पंचवटी_मराठी
कोणीच डॉट भारत सुचवत नाही याचं वाईट वाटतं. २०१४ पासून देवनागरीत नाव मिळतंय. 'दोघीजावा डॉट भारत', सरळ आपल्या लिपीत, व्ही-डब्ल्यूचं भांडणच नाही आणि कुत्रंही नाही.

देवळाली_डेव्हलपर
कल्पना छान, पण कितीतरी ठिकाणी लिंक चिकटवली की त्याचं 'एक्सएन डॅश डॅश' करून अगम्य काहीतरी होतं. बघणाऱ्याला फसवणुकीचा मेसेज वाटतो. हौस म्हणून दुसरं नाव घ्या, पहिलं नको.

पंचवटी_मराठी
आपणच वापरलं नाही तर सुधारणार कधी?

इंदिरानगर_आई
मी केकचा धंदा करते. मला वाटतं फोनवर सांगून बघा. मी मामेसासूबाईंना माझ्या साइटचं नाव फोनवर सांगितलं, त्यांनी वहीत लिहिलं आणि लिहिलेलं मला परत वाचून दाखवलं. मध्ये डॅश असलेलं नाव तिथेच बाद झालं. त्यांना 'डॅश' म्हणजे काय ते समजावण्यातच केक जळायची वेळ आली. डॉट इनला माझ्याकडून केवायसी मागितलं होतं, आधार हाताशी ठेवा. मला डॉट इन घेऊन कधी अडचण आली नाही.

कॉलेजरोड_ब्रँडिंग
नाव मात्र बदला. मी लोगोसह पूर्ण पॅकेज चाळीस हजारात करून देईन, पहिल्या भेटीचे पैसे नाहीत.

गंगापूररोडकर
चाळीस ठीक आहे. मी जास्त दिले होते.

पेठरोडची_सून
सगळ्यांचे आभार. रात्री जाऊबाईंना धागा वाचून दाखवला. 'डॉग'वर त्या पाच मिनिटं हसल्या आणि म्हणाल्या, पापड खाल्ल्यावर कोणी भुंकत नाही. नाव बदलायचं नाही.
इंदिरानगरच्या ताईंसारखं आम्हीही फोनवर करून पाहिलं. पुण्याच्या नणंदेने व्ही लिहिला, ठाण्याच्या आत्याने डब्ल्यू, म्हणजे तिथे बरोबरी. शेवटी कळलं की जाऊबाईंनी मेनरोडवरून पाकिटांचे स्टिकर आधीच छापून आणलेत, त्यावर डब्ल्यू आहे. प्रश्न मिटला. डब्ल्यू आणि डॉट इन, आज दुपारी घेतलं. खातं जाऊबाईंच्या नावाने, ओटीपी त्यांच्याच फोनवर. भाचा थोडा फुगलाय.
ट्रेडमार्कचा सर्च केला, या नावाचं कोणी दिसलं नाही. रिन्यूअलचा दर हजाराच्या आत निघाला. ईमेलचा टिकमार्क खरंच आपोआप लागला होता, काढला.

कॉलेजरोड_ब्रँडिंग
डब्ल्यू?? व्ही असता तर निदान बरोबर वाचलं तरी असतं.

गंगापूररोडकर
मग आम्हाला विचारलं कशाला? डॉट कॉम नंतर महाग पडेल, लक्षात ठेवा.

देवळाली_डेव्हलपर
व्हीवालंही पुढच्या वर्षी जमलं तर घेऊन ठेवा आणि याच साइटवर वळवा. आत्ता नाही घेतलं तरी चालेल. ऑटो रिन्यूअल चालू ठेवलंय ना?

पेठरोडची_सून
चालू आहे. कार्ड माझं, कारण जाऊबाई कार्ड कुठेच टाकत नाहीत.

सातपूर_सीए_नाही
पापड चौकोनी की गोल?

इंदिरानगर_आई
नागली पापड अर्धा किलोचा काय भाव? इंदिरानगरला पोच मिळेल का?

पेठरोडची_सून
मिळेल ताई, डीएम करते. आणि गोलच आहेत.