हा लाँग उपसागरात एक रात्र क्रूझवर: आई-बाबांना घेऊन जाण्यासाठी सल्ला हवा आहे

सायली_कोथरूड
नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला जात आहे आणि हनोईहून हा लाँग उपसागरात एक रात्र बोटीवर राहण्याचा विचार आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, पण रोज पर्वती चढतात. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. एका रात्रीसाठी माणशी १०,००० रुपयांच्या वर जायचे नाही. कोणता मार्ग घ्यावा आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?

भटका_नाशिक
इतक्या लांब जाऊन एकच रात्र राहू नका. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आतबाहेर धक्क्यावर आणून सोडतात, म्हणजे पुरा दिवस हाती लागतच नाही. आम्ही ईशान्येकडच्या बाय तू लाँग उपसागरात दोन रात्री राहिलो. स्वतंत्र गॅलरी आणि खिडकीला लागून बाथटब असलेली खोली होती. माणशी ३२,००० रुपये पडले, पण त्याचे आम्हाला आजही काही वाटत नाही.

मंदार_ठाणे
बजेट १०,००० आहे असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. माझा अनुभव सांगतो. आम्ही तळमजल्यावरची मागची खोली स्वस्त मिळाली म्हणून घेतली. बोट रात्रभर नांगर टाकून उभी असते, पण विजेसाठी जनरेटर चालूच राहतो आणि त्याची घरघर पहाटेपर्यंत आमच्या उशीखाली होती. तक्रार केल्यावर कानात घालायला कापसाचे बोळे मिळाले. वरच्या मजल्यावरची, पुढच्या बाजूची खोलीच मागा.

हनोईकर_वहिनी
सायली, मी सहा वर्षे हनोईत राहते आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगते: काट बा बेटाकडचा लान हा उपसागर घे. पाणी तेच आणि चुनखडीचे डोंगरही तसेच आहेत. १९९४ मध्ये हा लाँग जागतिक वारसा यादीत आला आणि २०२३ मध्ये काट बा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला. तिकडे बोटींची गर्दी कमी असते आणि आईंना चढावे लागणार नाही, कारण तिथल्या गुहेतून बांबूच्या होडीत बसूनच फिरता येते. वरच्या मजल्याची खोली मात्र त्यांच्यासाठी नको, कारण बोटीवरचे जिने फार उभे असतात. मोठी बोट बऱ्याचदा धक्क्याला लागत नाही आणि लहान होडीतून तिच्यावर चढावे लागते, तेव्हा हात द्यायला माणूस असतो का हे आधी विचार.

भटका_नाशिक
वहिनी, लान हा आता पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही. बाय तू लाँगमध्ये वुंग व्हिएंग हे तरंगते गाव आहे आणि तिथल्या बायका स्वतः होडी वल्हवत आपल्याला फिरवतात. खरे जनजीवन तिथेच दिसते.

मंदार_ठाणे
हा लाँगमधल्या तरंगत्या गावांतली बहुतेक कुटुंबे २०१४ मध्येच किनाऱ्यावर वसवली गेली. आता जे दिसते ते मुख्यतः पर्यटकांसाठी राखलेले आहे.

भटका_नाशिक
आमची होडी वल्हवणाऱ्या मावशी त्याच गावात जन्मल्या होत्या आणि कामासाठी रोज किनाऱ्यावरून तिथे येत होत्या. त्यांचे आयुष्य मी खोटे मानणार नाही.

अपर्णा_डोंबिवली
खोली जनरेटरपासून लांब घ्या. जेवणाचे मात्र कोणीच बोलले नाही. आम्ही शाकाहारी असल्याचे तीन वेळा कळवले होते, तरी रात्रीच्या सूपमध्ये मासळीचा रस निघाला आणि माझ्या सासूबाई दोन दिवस नुसत्या केळ्यांवर राहिल्या. दशम्या आणि मेतकूट बरोबर ठेवा.

हनोईकर_वहिनी
कारण तिथे भाजीतही न्योक माम, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा रस, मिठासारखा घालतात आणि तो घातल्याने पदार्थ मांसाहारी झाला असे अनेक स्वयंपाक्यांना वाटत नाही. 'आन चाय' असे सांगायचे. बौद्ध लोक उपासाच्या दिवशी जे जेवण जेवतात त्याला हा शब्द आहे आणि तो ऐकला की मासळीचा रसही टाळतात. हवामानाचीही चौकशी कर. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने या किनाऱ्याची दैना केली आणि १९ जुलै २०२५ रोजी अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटून तीसहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबरअखेर हवा बहुधा चांगली असते, तरी बंदर प्रशासनाने बोटी थांबवल्यास पैसे परत मिळतील हे लेखी घे आणि चढल्यावर जीवरक्षक जॅकेट कुठे आहेत ते पाहून ठेव.

सायली_कोथरूड
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही हा लाँगचा नेहमीचाच मार्ग घेतला आहे, ज्यात सुंग सोत गुहा आणि टिटॉप बेट येते. गर्दी असते हे मान्य आहे. बाबांनी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ काढले, पण इतकी मोठी चुनखडीची गुहा त्यांनी कधी पाहिलेली नाही. होडीत बसून पाहायच्या गुहेचे त्यांना सांगितले, तेव्हा ते "बरं" एवढेच म्हणाले. आई त्या वेळात बोटीवर बसून राहील, तिची काही तक्रार नाही. खोली खालच्या मजल्यावर, पण पुढच्या बाजूची मिळाली. पैसे परत देण्याची अट ईमेलवर लिहून घेतली आणि माणशी ९,६०० रुपये भरले. टिटॉपच्या माथ्यावर बाबांनी जावे का?

हनोईकर_वहिनी
वर जायला ४०० च्या आसपास पायऱ्या आहेत. पर्वती चढत असतील तर जाऊ दे, मात्र एकाच दिवशी गुहा आणि माथा दोन्ही असेल तर आधी गुहा पाहा. आतली वाट ओलसर असते, तेव्हा चप्पल नको, पकड असलेले बूट घाला.