हिरवी जाळी, सी विंगची पश्चिम आणि रिमोटचे पडदे

वानखेडे साहेब (सचिव), दु. १:१२
*सूचना:* पुढच्या आठवड्यात बाहेरून रंगकाम सुरू होत आहे. सी विंगच्या पश्चिम बाजूला खिडक्यांवर बांधलेल्या हिरव्या जाळ्या, चिकाचे (बांबूच्या काड्यांचे) पडदे, जुन्या साड्या रविवारपर्यंत काढून घ्याव्यात. रंग झाल्यावर पुन्हा लावू नयेत. इमारतीचा दर्शनी भाग खराब दिसतो. सहकार्य अपेक्षित. 🙏

ठाकरे काकू (सी-४०२), दु. १:१५
साहेब, तुमचं घर पूर्वेकडे आहे. एवढंच बोलते.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. १:१९
नाही, अजून बोलते. बाहेर ४५ आहे. तीन वाजले की बेडरूमच्या भिंतीला हात लावून दाखवा. जाळी लावली तेव्हा कुठे ह्यांना दुपारी पडता येऊन राहिलं. दर्शनी भाग कोण बघतं जी? समोर नाला आहे.

बोरकर (ए-१०३), दु. १:२१
नाल्यालाही डोळे असतात काकू 😄

वानखेडे साहेब (सचिव), दु. १:२४
विषय थट्टेचा नाही. गेल्या वर्षीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. वादळात कोणाचा चिक उडाला आणि कोणाच्या गाडीची काच गेली, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

गावंडे (सी-७०१), दु. १:२५
लिहा ना. माझाच चिक होता. पैसेही भरले. ते सोडा. टॉप फ्लोअरचा प्रश्न खिडकीचा नाही, स्लॅबचा आहे. गच्चीला पांढरा रंग मारा, निदान चुना मारा. तीन वर्षं सांगून राहिलो.

रोहन (बी-६०३), दु. १:३१
सगळ्यांना नमस्कार. बाहेर काही टांगायची गरजच नाही. मी मार्चमध्ये ऑटोमॅटिक ब्लाइंड्स बसवले. ऊन आलं की आपोआप खाली, संध्याकाळी वर. अ‍ॅपवरून होतं, घरी नसलो तरी. दर्शनी भाग तसाच राहतो आणि एसीचं बिल वाचतं. दहा खिडक्यांच्या वर ऑर्डर गेली तर सवलत मिळेल. माझ्या माणसाचा भाव: सहा बाय चारच्या खिडकीला १४,५००, मोटरसकट.

वानखेडे साहेब (सचिव), दु. १:३३
उत्तम सूचना. सी विंगने विचार करावा.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. १:३४
चौदा हजार?? जाळी दोनशे ऐंशीची आहे.

सौ. देशमुख (बी-५०३), दु. १:३६
रोहन, वाईट वाटून घेऊ नकोस, पण परवा रात्री लाइट गेले आणि दीडला आले, तेव्हा तुझ्या हॉलचे सगळे पडदे खर्रकन वर गेले. आम्ही खाली आवारात उभे होतो. मुलं म्हणाली, आई, नाटक सुरू झालं.

रोहन (बी-६०३), दु. १:३७
ती सेटिंगची चूक होती काकू. दुरुस्त केली. 😅

बोरकर (ए-१०३), दु. १:३८
पहिला अंक कसा होता?

_हा संदेश हटवला गेला_

पांडे काका (ए-२०४), दु. १:५२
मी बत्तीस वर्षं वीज खात्यात काढली, म्हणून दोन शब्द. रोहनचा हेतू चांगला आहे, पण हिशेब चुकतो आहे. मेच्या शेवटाला आपल्या नागपुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, २६ तारखेच्या आसपास तर सावली पायाखालीच राहते. म्हणजे बाराच्या उन्हाला खिडकीवरचा छज्जा पुरतो. त्रास तीन ते साडेसहाचा. तेव्हा ऊन आडवं येतं आणि पश्चिमेला छज्जा असून नसल्यासारखा. सहा बाय चारच्या खिडकीतून त्या वेळी ढोबळमानाने हजार वॅटचा हीटर घरात चालू असतो. तीन तास म्हणजे ३ युनिटची उष्णता, आणि ती बाहेर काढायला एसी साधारण १ युनिट खातो. एका खिडकीमागे, रोज.

आता पडदा कुठे आहे ते महत्त्वाचं. आतून लावला तर ऊन आधी काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते. पांढरा पडदा काही प्रकाश परत काचेबाहेर टाकतो, म्हणून थोडा फायदा होतो. बाहेरून लावला तर बरंचसं ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. काकूंची जाळी बाहेर आहे. १४,५०० वाला पडदा आत आहे.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. १:५३
🙏🙏🙏

रोहन (बी-६०३), दु. १:५७
काका, आतूनही फायदा होतोच ना? माझं बिल एप्रिलमध्ये कमी आलं.

पांडे काका (ए-२०४), दु. २:०४
एप्रिलमध्ये तू दहा दिवस पुण्याला होतास.
फायदा होतो, नाही म्हणत नाही. आतला पांढरा पडदा धरून चल, रोजच्या १ युनिटमधले ०.४ वाचवतो. तीन महिने उन्हाळा, म्हणजे ३६ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर ४३२. तुझे १४,५०० वसूल व्हायला तेहेतीस उन्हाळे. शिवाय मोटर वायफायवर जागी राहते. १ वॅट जरी घेतला तरी वर्षाला जवळजवळ ९ युनिट. मिळवलेल्यातला चौथा हिस्सा तिथेच गेला. तेवढीच बचत हजार रुपयांचा साधा पांढरा पडदा दोरीने ओढून करतो.

गावंडे (सी-७०१), दु. २:०५
टॉप फ्लोअरचा प्रश्न खिडकीचा नाही, स्लॅबचा आहे. गच्चीला पांढरा रंग.

रोहन (बी-६०३), दु. २:०९
पण दोरी ओढायला घरी कोण असतं? आम्ही दोघं साडेआठला निघतो, सातला येतो. सकाळी पडदा उघडा राहिला की संध्याकाळी घर भट्टी. मग एसी अकरापर्यंत थांबत नाही.

सौ. देशमुख (बी-५०३), दु. २:११
सकाळी निघतानाच लावून जायचा. आम्ही वीस वर्षं तेच करतो, अ‍ॅपशिवाय.

रोहन (बी-६०३), दु. २:१२
झाडांना ऊन लागतं.

बोरकर (ए-१०३), दु. २:१२
झाडांना अ‍ॅप द्या.

मेश्राम सर (ए-३०१), दु. २:२०
माझं थोडं वेगळं मत आहे. मागच्या वर्षीच्या आजारानंतर माझा उजवा हात वर जात नाही. खिडकीची दोरी मला ओढता येत नाही. मुलाने एका खिडकीला रिमोट लावून दिला. बिल किती वाचलं ते मी पाहिलेलं नाही. दुपारी कामवाल्या बाईची वाट पाहावी लागत नाही, एवढं खरं. थंडीत सकाळी बटन दाबलं की पूर्वेचं ऊन पलंगापर्यंत येतं.

पांडे काका (ए-२०४), दु. २:२२
सर, ते वेगळं. तिथे मी काहीच बोलत नाही.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. २:२३
सर, तब्येत जपा. बेसनाचे लाडू पाठवते संध्याकाळी.

ताई कुळकर्णी (सी-३०२), दु. २:३०
माझी मुलगी जर्मनीत असते. तिथे बऱ्याच घरांच्या खिडक्यांना *बाहेरून* शटर असतं, आपल्या दुकानाच्या शटरसारखं, पण पातळ. रोलाडेन म्हणतात. बऱ्याच ठिकाणी बटनाने खाली येतं. उन्हाळ्यात ते दुपारी शटर खाली करून घर अंधारं ठेवतात. बहुतेक घरांत एसी नाहीच. म्हणजे रोहन आणि काकू दोघंही बरोबर: ऑटोमॅटिक हवं, पण बाहेर.

वानखेडे साहेब (सचिव), दु. २:३३
बाहेर काहीही लावायला परवानगी नाही. ठराव झालेला आहे.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. २:३४
कधी झाला? मी त्या मीटिंगला होते. समोसे झाले होते, ठराव नाही.

सौ. देशमुख (बी-५०३), दु. २:३५
😂😂

वानखेडे साहेब (सचिव), दु. २:३८
मिनिट्स बुकमध्ये नोंद आहे. कोणालाही येऊन पाहता येईल. वैयक्तिक टीका टाळावी.

गावंडे (सी-७०१), दु. २:३९
त्याच मीटिंगमध्ये मी गच्चीचं बोललो होतो. त्याची नोंद आहे का? पाहून सांगा. टॉप फ्लोअरचा प्रश्न खिडकीचा नाही, स्लॅबचा आहे.

वाघमारे (बी-१०१), दु. २:४४
एक प्रश्न. आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. तो खिडकीतच बसवलेला आहे. त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि अंगाला चिकचिक होते. मग ते ब्लाइंड लावायचे कुठे?

पांडे काका (ए-२०४), दु. २:४९
बरोबर पकडलंत. कूलरच्या घरात आतला पडदा वाऱ्याच्या आड येतो. जाळी किंवा चिक बाहेर, खिडकीपासून वीतभर लांब टांगला तर सावली मिळते आणि हवाही खेळते. आपल्या आजोबांनी दाराला वाळ्याचे ताटे बांधून पाणी शिंपडलं तेव्हा हेच केलं. ताटा दाराबाहेर असायचा.

रोहन (बी-६०३), दु. २:५२
काका, तुमचा एसी किती वर असतो? सहज विचारलं.

पांडे काका (ए-२०४), दु. २:५३
२६.

सौ. पांडे (ए-२०४), दु. २:५४
२१. मी बाजूलाच बसले आहे.

बोरकर (ए-१०३), दु. २:५४
🍿

पांडे काका (ए-२०४), दु. २:५८
तो आज दुपारपुरता. विषय बदलू नका. एसीचा एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते हे सरकारचंच म्हणणं आहे, म्हणून २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात. आणि २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता (वीज वाचवणाऱ्या बांधकामाचे नियम) आली, त्यातही भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. म्हणजे दिल्लीत बसून त्यांना खिडकीची सावली कळली. आपल्या कमिटीला कळावी एवढीच विनंती.

वानखेडे साहेब (सचिव), दु. ३:०१
कमिटीला सगळं कळतं. उद्या काच फुटली, कोणाच्या डोक्यात पडलं, तर सही माझी असते. तुमची नसते.

मेश्राम सर (ए-३०१), दु. ३:०६
साहेबांचंही चुकत नाही. गावंडेंचा चिक सुतळीने बांधला होता. लोखंडी दांडी, खाली-वर दोन्हीकडे हुक, एकाच रंगाचा कपडा आणि वादळाचा इशारा आला की गुंडाळायचा, असं ठरवता येईल. ज्यांना गॅलरी आहे त्यांनी कठड्याच्या आत, स्लॅबखाली टांगावा. रस्त्यावरून दिसणारही नाही आणि काचेच्या बाहेरही राहील.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. ३:०८
माझ्या बेडरूमला गॅलरी नाही सर. ह्यांचा पलंग तिथेच आहे.

ताई कुळकर्णी (सी-३०२), दु. ३:१०
चारशे दोन आणि तीनशे दोन, दोन्हीकडे नाही. बिल्डरने कॅटलॉगमध्ये दाखवली होती.

गावंडे (सी-७०१), दु. ३:११
कॅटलॉगमध्ये स्विमिंग पूलही होता.

शिंदे (बी-२०२), दु. ३:१५
विषयाला सोडून विचारतो, क्षमस्व. पांढरी गाडी पुन्हा माझ्या जागेत लागली आहे. कोणाची?

बोरकर (ए-१०३), दु. ३:१६
सावलीतली जागा आहे तुमची. गाडीलाही कळतं.

रोहन (बी-६०३), दु. ३:२०
माझी आहे शिंदे काका, सॉरी, पाच मिनिटं. तो ब्लाइंडवालाच आला आहे, माझ्याकडे उतरवून घेतोय.

सौ. देशमुख (बी-५०३), दु. ३:२०
उतरवतोय?? काढतोय का?

रोहन (बी-६०३), दु. ३:२१
एक मोटर बिघडली आहे. वॉरंटीत आहे. काढत नाहीये.

पांडे काका (ए-२०४), दु. ३:२२
त्याला विचार, बाहेर बसणारं काही आहे का त्याच्याकडे. हाताने चालणारं. भाव इथे टाक.

रोहन (बी-६०३), दु. ३:३४
आहे म्हणतो. बाहेरचा जाड जाळीदार कपडा, दोन्ही बाजूंना तारेच्या वाटा, वाऱ्यात फडफडत नाही. हँडलने चालतो. सहा बाय चारला ५,२०० म्हणतो, दहा खिडक्या झाल्या तर ४,६००. सगळ्यांना एकच रंग घ्यावा लागेल.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. ३:३६
रंग कोणता?

वानखेडे साहेब (सचिव), दु. ३:३७
मी अजून हो म्हटलेलं नाही.

ठाकरे काकू (सी-४०२), दु. ३:३७
रंग विचारला, परवानगी नाही विचारली.

बोरकर (ए-१०३), दु. ३:३८
हिरवा घ्या, नाल्याला शोभेल.

गावंडे (सी-७०१), दु. ३:३९
टॉप फ्लोअरचा प्रश्न खिडकीचा नाही

_वानखेडे साहेब (सचिव) यांनी ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात._

वानखेडे साहेब (सचिव), दु. ३:४१
रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये बैठक. विषय: पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून एकसारखी सावली, दांडी व हुकसह. तोपर्यंत जाळ्या राहू द्याव्यात. रंगारी येतील त्या दिवशी मात्र काढाव्यात.

_वानखेडे साहेब (सचिव) यांनी ग्रुपचं सेटिंग बदललं. आता सर्व सदस्य संदेश पाठवू शकतात._

गावंडे (सी-७०१), दु. ३:४२
, स्लॅबचा आहे.

सौ. देशमुख (बी-५०३), दु. ३:४३
टँकर आला. बी विंगची मोटर कोणीतरी लावा.