मदत हवी आहे: इंग्रजी शब्दाच्या शेवटचा तो अर्धवट 'अ' तोंडात नक्की होतो कुठे?

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात अडकलीये. इंग्रजी उच्चारांचा सराव करतेय, बाकी जमतंय पण शब्दाचा शेवट घात करतो. सोफा, कॉमा, फेमस, मॅजिकल... आपण शेवटी दणदणीत आ नाहीतर अ ठोकतो आणि ते लोक तिथे नुसतं पुटपुटतात. पुस्तकवाले त्याला श्वा म्हणतात आणि उलटा इंग्रजी e (ə) छापून मोकळे होतात. जीभ मध्ये, ओठ सैल, जबडा किंचित उघडा असं लिहिलंय म्हणून आरशासमोर तसं करून बघितलं तर स्वर दबायच्या ऐवजी लांबलाच, रेकॉर्डिंग ऐकून माझं मलाच हसू आलं.

तर जीभ तिथे मुद्दाम नेतात की वेळ नाही म्हणून मध्येच राहते? घसा ते ओठ साडेसतरा सेंमीची सरळ नळी धरली तर ती ५००, १५००, २५०० हर्ट्झला घुमते, तोच श्वा, असंही वाचलं. मग सगळीकडे सेम का नाही ऐकू येत? सोफातला मला जास्त मोकळा वाटतो. आणि बटनमध्ये तर स्वर सापडतच नाही!

उत्तर:
कान बरोबर आहे तुमचा. ती नळी म्हणजे हिशोबाची सोय, खऱ्या बोलण्यात आजूबाजूची व्यंजनं जिभेला ओढतात. आघात (म्हणजे उच्चारताना दिलेला जोर) नसला की स्वराला वेळच मिळत नाही, फेमसमध्ये म सुटतोय न सुटतोय तोच जीभ स च्या तयारीला लागलेली असते. ध्वनिशास्त्रज्ञ लिंडब्लॉम यांनी १९६३ मध्ये स्वीडिश स्वर मोजून हेच दाखवलं होतं, स्वर आखूड झाला की जीभ ठरलेल्या जागेच्या अलीकडेच राहते. सोफाच्या पुढे काहीच नाही म्हणून तोंड थोडं जास्त उघडतं, एवढंच. बटनमध्ये खरंच स्वर नसतो बऱ्याचदा, ट ला हिरडीवर टेकलेलं जिभेचं टोक तिथेच राहतं, मऊ टाळू खाली येतो आणि न नाकातून निघतो. बॉटलमध्ये टोक तसंच, जिभेच्या कडा सुटतात.

आपल्या 'घर'मधला अ जवळचाच आहे हो, पण आपण त्याला पूर्ण वेळ देतो. आरसा ठेवा बाजूला, फेमसचं फे जोरात आणि लांब म्हणा, शेवट आपोआप आक्रसेल.

धागाकर्ती:
फे लांबवून बघितलं, जमतंय की! आता रोझेस (roses) आणि रोझाज (Rosa's) अडलेत, माझे दोन्ही एकच येतात.

उत्तर:
रोझेसमध्ये जीभ दोन झ च्या मध्ये वरच राहू द्या, फार खाली आणूच नका. रोझाजला आधी नुसतं रोझा म्हणा आणि मग झ चिकटवा.