विषय: मोफत प्रीस्कूलसाठी आम्ही अर्ज करावा का?

(सभासदाच्या विनंतीवरून नाव न देता पाठवत आहोत. – कार्यकारिणी)

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये ह्यांची नोकरी गेली. सध्या बेरोजगार भत्ता आणि मी दुकानात काही तास काम करते त्याचे पैसे, एवढ्यावर घर चाललंय. निम्म्याहून जास्त पैसे भाडं आणि विजेच्या बिलातच जातात. मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला. त्याचं डेकेअर बंद करावं लागलं. तो फार कमी बोलतो, त्याचीही काळजी आहे. कुणीतरी हेड स्टार्टचं, म्हणजे इथे अमेरिकेत गरजू घरांतल्या लहान मुलांसाठी असलेल्या सरकारी मोफत प्रीस्कूलचं, नाव सुचवलं, पण गेल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नवर आमचं उत्पन्न चांगलं दिसतं. शिवाय ज्यांना खरी गरज आहे त्यांची जागा आपण घेतोय असं तर होणार नाही ना, हेही मनात येतं. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

---

उत्तर: खजिनदार

माझ्या माहितीप्रमाणे ते रिटर्नच बघतात, त्यामुळे यंदा कठीण दिसतंय. राज्याचं मोफत प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) बघा, पण बऱ्याच ठिकाणी त्याला चार वर्षं पूर्ण लागतात. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून सगळ्या चार वर्षांच्या मुलांना ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे असाच एक मोफत वर्ग, खुलं झालंय. ओक्लाहोमात तर १९९८ पासूनच चार वर्षांच्या मुलांसाठी अशी सोय आहे.

---

उत्तर: मराठी शाळेतली एक ताई

नमस्कार ताई, आणि खजिनदार दादा,

मी हेड स्टार्टमध्ये फॅमिली सर्व्हिसचं, म्हणजे कुटुंबांना मदत मिळवून द्यायचं, काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फक्त जुन्या रिटर्नवर निर्णय होत नाही. अर्जाआधीचे बारा महिने किंवा मागचं कॅलेंडर वर्ष, यांपैकी ज्यातून घराची गरज जास्त नीट दिसते ते धरतात. उत्पन्नात मोठा बदल झाला असेल तर आत्ताची परिस्थितीही विचारात घेता येते. नोकरी गेल्याचं पत्र आणि भत्त्याचे कागद त्यासाठीच लागतात.

उत्पन्नाची मर्यादा म्हणजे केंद्र सरकारची दारिद्र्यरेषा. अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत २०२५ साठी ती तीन माणसांच्या घराला २६,६५० डॉलर आणि चौघांच्या घराला ३२,१५० डॉलर होती. हा आकडा दरवर्षी बदलतो. तो बघूनच बरीच घरं मागे फिरतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण २०२४ च्या नियमाने एक महत्त्वाची मुभा दिली आहे. घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर वरचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. भाडं, घराचा हप्ता, विमा, वीज-पाणी, घरावरचा कर, सगळं त्यात येऊ शकतं. समजा महिन्याचं उत्पन्न ३,००० डॉलर आणि घराचा खर्च १,८०० डॉलर आहे. ३० टक्के म्हणजे ९००. वरचे ९०० वजा केले की महिन्याला २,१०० उरतात, म्हणजे वर्षाचे २५,२००. तीन माणसांचं घर यात बसलं! ही वजावट करायची की नाही हे त्या त्या हेड स्टार्ट केंद्राच्या हातात असतं, म्हणून ती करता का, हे तोंड उघडून विचारायचं.

ज्या घरांना स्नॅप (अन्नासाठीची सरकारी मदत), रोख मदत किंवा एसएसआय (अपंग आणि वृद्ध गरजूंसाठीचा भत्ता) मिळतं, जी मुलं फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने सोपवलेल्या पालकांकडे, आहेत किंवा ज्यांना राहायला पक्कं घर नाही, त्यांच्यासाठी हा हिशोबच करावा लागत नाही. दुसऱ्या कुटुंबाबरोबर दाटीवाटीने राहावं लागणं हेही बेघरपणात येऊ शकतं. आपल्या लोकांच्या हे लक्षात येत नाही.

आता मुलाच्या बोलण्याबद्दल. कृपया ही गोष्ट आधी करा. तिसरं वर्ष पूर्ण झालं की तपासणीची जबाबदारी स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाची, असते. तिथे उत्पन्नाची अट नाही आणि पैसेही पडत नाहीत. तपासणी हवी आहे असं लेखी कळवा आणि तारीख घाला. हेड स्टार्टची वाट बघत थांबू नका. हेड स्टार्टमध्ये निदान दहा टक्के जागा अपंगत्व किंवा विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. कुणाला घ्यायचं हे गरजेच्या प्राधान्यक्रमाने ठरतं, आधी आला त्याला आधी असं नसतं. म्हणून दुसऱ्याची जागा घेतोय ही काळजी तुम्ही करू नका. ते ठरवणं आमचं काम आहे.

प्रवेश मिळाला की पहिल्या ४५ दिवसांत डोळे, कान आणि विकासाची चाचणी होते. दात आणि तब्येतीची तपासणी झाली आहे का, हेही केंद्र बघतं. जेवण तिथेच. शिक्षिका वर्षातून निदान दोनदा घरी येतात. आणि माझ्यासारखी एक बाई तुमच्याबरोबर बसून विचारते की घराला काय हवंय: नोकरी, इंग्रजीचा वर्ग, भाड्यासाठी मदत, की नुसतं कुणाशी तरी बोलायचंय. १९६५ च्या उन्हाळ्यात हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून नुसती अक्षरओळख नाही, अख्खं घर सावरायचं हाच त्याचा विचार आहे. पॉलिसी कौन्सिलवर, म्हणजे कार्यक्रमाचे निर्णय घेणाऱ्या समितीवर, पालकांचं बहुमत असतं, म्हणजे कारभारात तुमचंही मत चालतं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी अर्ली हेड स्टार्ट वेगळं आहे. तिथे वर्गाच्या वेळेत डायपर आणि बाळाचं दूधही केंद्रच देतं.

---

उत्तर: एक सभासद

ताई, आम्ही एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहोत, मुलगी इथे जन्मलेली. आम्ही यात हात घालावा का? पुढे ग्रीन कार्डला त्रास होईल का?

---

उत्तर: मराठी शाळेतली ताई

मुलगी नागरिक आहे आणि लाभ तिला मिळतो, हे पहिलं. हेड स्टार्टने वर्षानुवर्षं व्हिसा विचारलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ते बदलायचं ठरवलं. राज्यं आणि संस्था कोर्टात गेल्या आणि सप्टेंबरमध्ये स्थगिती मिळाली. प्रकरण कोर्टाचं असल्याने अर्ज करायच्या दिवशी हेड स्टार्ट केंद्राला पुन्हा विचारा. पब्लिक चार्जच्या, म्हणजे ग्रीन कार्ड देताना माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हे बघण्याच्या, २०२२ च्या नियमात रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं एवढंच धरलंय, प्रीस्कूल नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियम काढण्याचा प्रस्ताव आला, म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर मात्र अवलंबून राहू नका.

---

उत्तर: मुलीकडे आलेल्या एक आजी

मुलीच्या मेलवरून लिहितेय. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन मुलांच्या अंगणातच शाळा भरवली. शाळाच दारात आली, यात उपकार घेण्यासारखं काही नव्हतं. बाळा, तीन वर्षांचं लेकरू पुढच्या वर्षी चारचं होतं, आपला संकोच जाईपर्यंत ते थांबत नाही. फोन कर. सोबत कुणी हवं असेल तर मी येते, मला दुपारी वेळ असतो.

---

उत्तर: पहिल्या पत्राची लेखिका (कार्यकारिणीमार्फत)

सगळ्यांचे आभार. २११ या मदतीच्या नंबरवर फोन करून जवळचं केंद्र मिळालं, गुरुवारी बोलावलंय. डिस्ट्रिक्टला पत्रही आज पाठवलं. आजी, तुम्ही याल तर खूप बरं वाटेल. सोबत काय काय न्यायचं?

---

उत्तर: मराठी शाळेतली ताई

भत्त्याचे कागद, तुमच्या पगाराच्या पावत्या, भाडेकरार, वीज-पाण्याची बिलं, लसीकरणाची नोंद आणि जन्माचा दाखला. एखादा कागद नसला तरी जायचं टाळू नका, तिथे मार्ग निघतो. दुभाषी हवा असेल तर आधीच सांगा. आणि मुलगा किती शब्द बोलतो असं विचारतील, तेव्हा मराठी शब्दसुद्धा मोजून सांगा. आज रात्रीच यादी करायला बसा: आई, बाबा, पाणी, नको, मांजराला तो जे म्हणतो ते, सगळं लिहा. मुलाला दोन भाषा असतील तर दोन्हींतलं धरूनच त्याचं बोलणं बघायचं असतं.