काळ्या गाडीवरचे चरे: आधी सौम्य पॉलिश की थेट कंपाउंड?

चिंचवडकर (धागा सुरू करणारा)

सहा वर्षांची काळी सेडान आहे. दिवसा बरी दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी केली की बोनेटवर गोल गोल बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. कारण मला माहीत आहे. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यात बारा गाड्या करतो. त्या फडक्यातली माती रोज सकाळी माझ्या रंगावर घासली जाते.

माझं मत असं की कंपाउंड, म्हणजे रंग घासून खाली आणणारी जाडसर पेस्ट, हा शेवटचा उपाय असावा. कारखान्यातून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. कडक उन्हापासून रंगाला वाचवतो तो हाच थर. कंपाउंड चरे 'काढत' नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा थर खाली आणतं. खाल्लेला थर परत येत नाही.

एका वर्कशॉपने तीन सर्व्हिसिंगला न विचारता 'रबिंग-पॉलिश', म्हणजे कंपाउंडच, केलं आणि मीही बिल भरत गेलो. आता बोनेटच्या कडेला बोटभर पांढुरका डाग आहे. तिथे क्लिअर कोट उरलाच नाही. म्हणून सांगतो, मशीनला लावायचा मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा, त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर चढा.

बफवाला_कोल्हापूर

दादा, बोनेटचं वाईट वाटलं. पण दोष कंपाउंडवर टाकू नका. तुम्ही सांगताय तो डाग रोटरी (नुसतं गोल फिरणारं) मशीन आणि लोकरी पॅड कडेवर टेकवल्याचा आहे. कडेला आणि पत्र्याच्या घडीवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि रोटरीचा पॅड एकाच जागी फिरून क्षणात तापतो. तिथे मास्किंग टेप लावायची असते. पाच मिनिटांचं काम आहे, ते केलं गेलं नाही.

'आधी सौम्य' हे मला दीड-दोन फुटांच्या चाचणीपुरतं मान्य आहे. तेवढ्या भागावर कळलं की मऊ पॅडने चरे जात नाहीत, तर मग त्याच पॅडने सहा-सहा फेऱ्या मारत बसणं चुकीचं. त्यातही थर जातोच, पत्रा तापतो आणि चरे अर्धवट राहतात. त्यापेक्षा मायक्रोफायबर पॅडवर कंपाउंडच्या दोन नेमक्या फेऱ्या आणि वर फोमने एक फिनिशिंग, हे रंगाला कमी महागात पडतं.

आणि पॅडबद्दल कोणी बोलतच नाही. तेच कंपाउंड कडक पॅडवर कापतं आणि मऊ पॅडवर बरंच सौम्य होतं. एका पॅडने अख्खी गाडी करणारे मी रोज बघतो. तिसऱ्या पॅनेलपर्यंत पॅड रंगाच्या भुकटीने आणि ओल्या कंपाउंडने इतका भरतो की तो कापत नाही, नुसता तापतो. प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, आणि गाडीला किमान चार-पाच पॅड ठेवा. रंग बघून पॅड घेऊ नका: एका कंपनीचा पिवळा पॉलिशिंगचा असतो, दुसरीचा पिवळा चांगला कापतो.

रत्नागिरी_८००

माझ्याकडे लाल मारुती ८०० आहे, नव्वदच्या दशकातली. तिच्यावर क्लिअर कोट नाहीच. पॅड लावला की लाल होतो. पहिल्यांदा मी घाबरून थांबलो होतो. खारी हवा आणि ऊन यांनी वरचा रंग मरून खडूसारखा झालेला असतो, तो उतरवल्याशिवाय खालचा ताजा लाल दिसत नाही. चिंचवडकर, अशा रंगावर तुमचं बारीक पॉलिश नुसतं लिंपलं जातं. तिथे कंपाउंडच लागतं.

जुनी गाडी असेल तर आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर पॉलिश घेऊन घासून पाहा. कापडावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर कोट नाही, आणि मग सगळा हिशोब वेगळा.

ठाणे_पूर्व

मी तर म्हणते दोन्ही नको. चरे भरून काढणारं ग्लेझ मिळतं, ते हाताने लावा. माझी गाडी दहा वर्षांची आहे. दसऱ्याला लावते, गाडी चमकते, थर तसाच राहतो. तीन-चार धुण्यांत ते जातं हे मला ठाऊक आहे. पण दरवर्षी मायक्रॉन घालवण्यापेक्षा दरवर्षी ग्लेझ घालवणं मला पटतं.

बफवाला_कोल्हापूर

ताई, स्वतःच्या गाडीला लावता, त्याला माझी हरकत नाही. पण काही दुकानं हेच लावून 'पेंट करेक्शन'चे, म्हणजे चरे खरोखर काढल्याचे, पैसे घेतात, ही शुद्ध फसवणूक आहे. गाडी ताब्यात घेताना पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हातभर भाग पुसायला लावा आणि टॉर्च मारा. चरे परत दिसले तर काम झालेलंच नाही.

चिंचवडकर

चाचणीच्या भागाचं पटलं. सौम्य पॅडने निरर्थक फेऱ्या मारणं हीसुद्धा नासाडीच, हे मी धरलं नव्हतं. रत्नागिरीकरांची गाडी माझ्या नियमात बसत नाही, हेही मान्य.

पण वर्षातून दोनदा कंपाउंड हा 'मेंटेनन्स' आहे, हे मी कधीच मानणार नाही. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर तो तसाच राहू द्यावा, त्याच्या मागे लागून आजूबाजूचा रंग संपवू नये. जाडी मोजायचं यंत्र एका मित्राकडून आणलं: छतावर ११८, बोनेटवर ९५ मायक्रॉन. यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, त्यात क्लिअर कोट किती उरला ते कळत नाही. पण छत आणि बोनेट यांतला हा फरक बघून माझी झोप उडाली. पुसणाऱ्या मुलाला महिन्याचे पैसे तेवढेच देतोय, फक्त कोरडी गाडी पुसू नको म्हणून सांगितलंय. रविवारी मी स्वतः धुतो.

बफवाला_कोल्हापूर

९५ असेल तर बोनेटवर कंपाउंड मीही लावणार नाही. तिथे तुमचंच खरं. फोम पॅड, बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब, आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे, म्हणजे सकाळी आठच्या आत सावलीत. डीए मशीनच्या (डुअल अ‍ॅक्शन: पॅड फिरवता फिरवता हलवणारं) प्लेटवर मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरली तर तुम्ही जास्त दाबताय. पॅड किती आहेत?

चिंचवडकर

दोन.

बफवाला_कोल्हापूर

मग या रविवारी फक्त बोनेट करा. छप्पर आणि डिकी पुढच्या रविवारी, पॅड धुऊन वाळल्यावर.