मदत हवी आहे: स्वतःचं साउंड किट शूटला नेतो, त्याचं भाडं वेगळं कसं लावायचं?

कानसेन
पुणे-मुंबईत फ्रीलान्स लोकेशन साउंड करतो. माहितीपट, कॉर्पोरेट फिल्म, मुलाखती. वर्षाला साधारण ८० शिफ्ट किटसकट भरतात. आजवर १२ तासांच्या शिफ्टचा एकच आकडा सांगतो, त्यात माणूस आणि सामान दोन्ही. आता वेगळं करायचंय.

किट: सहा चॅनेलचा रेकॉर्डर-मिक्सर, सेनहायझर एमकेएच ४१६ (बूमवरचा लांब माईक), बूम पोल (माईकची लांब काठी), विंडशील्ड आणि डेड कॅट (वाऱ्याचा आवाज अडवणारं फरचं आवरण), वायरलेस कॉलर माईकचे दोन सेट, हेडफोन, एनपी-एफ (लिथियम) बॅटऱ्या. आज सगळं नवं घ्यायचं तर ४,५०,००० रुपये.

दिवसाचं भाडं कसं काढायचं? बॅटरीचे सेल आणि टेप यांचा खर्च कुणाचा? बिलात फी आणि भाडं अशा दोन ओळी केल्या तर टीडीएसचा (क्लायंटने आधीच कापलेल्या कराचा) घोळ होतो का? आणि "किट तर तुमचंच आहे, त्याचं कसलं भाडं?" याला काय म्हणायचं?

पॅकअप
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "ठीक आहे, मी फक्त माणसाचे पैसे घेतो, सामान तुम्ही रेंटल हाउसमधून मागवा." मग त्यांना सामानाचं भाडं, अटेंडंटची शिफ्ट, त्याचा बाटा (रोजचा भत्ता) आणि टेम्पो असा हिशेब करावा लागतो. बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

आता आकडा. किमतीच्या १ टक्का रोज, हा नियम सगळे सांगतात. तुमच्या किटला तो ४,५०० होतो. पण रेंटल हाउसच्या दरात गोडाउन, नोकर आणि फळीवर पडून राहिलेलं सामानही वसूल होत असतं. तुमचा खरा खर्च असा काढा:

चार वर्षांनी विकून ३० टक्के हाती आले असं धरा, म्हणजे १,३५,०००. घट ३,१५,०००. भागिले चार वर्षांच्या ३२० शिफ्ट = शिफ्टला ९८४.
दुरुस्ती आणि केबल वर्षाला ३०,००० धरले तर ३७५.
विमा १२,००० धरला तर १५०.
अडकलेलं भांडवल: नव्याची आणि विक्रीची किंमत मिळून सरासरी २,९२,५००. त्यावर १० टक्के म्हणजे वर्षाला २९,२५०, शिफ्टला ३६६.

बेरीज १,८७५. त्यावर २५ टक्के नफा धरून २,३४४. तुम्ही २,४०० सांगा. १,८७५ च्या खाली गेलात तर पदरचे पैसे घालून क्लायंटचं शूट करताय.

या हिशेबात शिफ्टचा आकडा सगळ्यात नाजूक. ८० च्या जागी ४० झाल्या तर हाच खर्च ३,७५० वर जातो, आणि तेवढं कुणी देणार नाही. म्हणून जी वस्तू वर्षातून दहाच वेळा लागते ती विकत घेऊच नये. भाड्याने आणा, बिलात तशीच लावा.

बूमधारी
सबंध किटचा एकच दर करू नका, दोन टप्पे करा. मूळ किट म्हणजे रेकॉर्डर, बूम, हेडफोन. कॉलर माईक दर चॅनेलमागे वेगळे. नाहीतर सकाळी कॉल टाइमला (सेटवर हजर व्हायच्या वेळी) कळतं की पाहुणे दोन नसून चार आहेत, आणि "अजून दोन कॉलर लावा ना" हे फुकटात होतं.

सेलचा हिशेब बघा. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या नेहमीच्या सेटमध्ये ट्रान्समीटरला दोन, रिसीव्हरला दोन. दोन सेट म्हणजे आठ. एका जोडीवर बारा तासांची शिफ्ट निघत नाही, मध्ये बदलावेच लागतात, म्हणजे सोळा. रिचार्जेबल वापरत असाल तरी त्यांचंही आयुष्य असतं. सेल, कॉलर लपवायची टेप, फरचे तुकडे यांची "कन्झ्युमेबल्स" म्हणून दिवसाची ठरावीक रक्कम लावा. सुटे सेल मोजून बिल करायला गेलात तर प्रॉडक्शन मॅनेजर रिकामी पाकिटं मागतो.

दुरुस्तीच्या ३०,००० मध्ये मोठा वाटा कॉलरचाच असेल. केबल तुटते ती कनेक्टरच्या तोंडाशी, कारण माईक अंगावर असतानाच कलाकार कुर्ता ओढून काढतो. दुसरं, घाम माईकच्या जाळीत शिरून सुकतो आणि आवाज कोंदट होतो. जाळी काढता येत असेल तर साफ होते, नाहीतर माईक गेला. ४१६ दमट हवेत बराच दम धरतो, पावसाळ्यात कोकणात शूट असेल तरी त्याची चिंता कमी. पण कॉलर आणि कनेक्टरसाठी केसमध्ये सिलिका जेल हवंच, आणि शूटवरून आल्यावर केस उघडी ठेवून सामान सुकवायचं.

कानसेन
आकडे कळले. पण छोट्या मुलाखतीच्या कामात क्लायंट म्हणतो, "मला ऑल-इन (सगळं धरून एकच आकडा) सांगा." तिथे?

चिंचपोकळी
मग ऑल-इनच सांगा, त्यात कमीपणा नाही. बँकेच्या किंवा कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला शिफ्ट आणि बाटा यातलं काही समजत नाही, दोन ओळी दिसल्या की तो एक कापायला बघतो. फक्त कोटेशनमध्ये लिहा: "किटसह: रेकॉर्डर १, बूम १, कॉलर २." आकडा एक, यादी पूर्ण. तिसरा कॉलर मागितला की दर वेगळा.

पॅकअप
हे मान्य. पण स्वतःच्या वहीत तरी दोन्ही आकडे वेगळे ठेवा. घासाघीस झाली की सूट माणसाच्या दरातून द्यायची की किटच्या, हे त्याशिवाय कळत नाही. माझं मत, किटमधून द्या. माणसाचा दर एकदा खाली आला की तोच सगळीकडे पसरतो.

सलग कामाला आठवड्याचं भाडं चार दिवसांचं धरतात. प्रवासाच्या दिवशी निम्मं. विमानाने जाणार असाल तर जादा सामानाचे पैसे क्लायंटचे, हे आधी ठरवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच.

जमाखर्च
करांचं थोडक्यात.

टीडीएस: व्यावसायिक फीवर (जुन्या कायद्याचं कलम १९४-जे) १० टक्के, यंत्रसामग्रीच्या भाड्यावर (१९४-आय) २ टक्के. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा फीसाठी वर्षाला ५०,००० आणि भाड्यासाठी महिन्याला ५०,००० आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले, जुने क्रमांक फक्त ओळखीसाठी दिलेत. एकच ओळ असेल तर अकाउंट्सवाले सगळ्या रकमेवर १० टक्के कापतात. दोन ओळी केल्या तरी काही जण "हे एकच काम" म्हणून तेच करतात. त्यावर भांडू नका, कापलेली रक्कम आयकर खात्याच्या वार्षिक कर-विवरणात (जुन्या कायद्यात २६एएस) दिसते आणि रिटर्नमध्ये जमा धरली जाते. अडकतो तो फक्त हातातला पैसा.

जीएसटी: सेवांसाठी वर्षाला २० लाखांची मर्यादा, त्यात फी आणि किटचं भाडं दोन्ही मोजलं जातं. नोंदणी असेल तर दोन्हींवर १८ टक्के. नवं सामान घेताना बिल जीएसटी क्रमांकावर घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वजा होतो. मात्र त्याच कराच्या रकमेवर घसाराही धरायचा नाही.

४४एडीए (हाही जुना क्रमांक) या अंदाजे नफ्याच्या योजनेखाली निम्मी आवक नफा धरतात, पण एक खोच आहे. चित्रपट कलाकारांच्या अधिसूचित यादीत कॅमेरामन आणि संकलक आहेत, साउंड रेकॉर्डिस्टचं नाव नाही. सीएला आधी विचारा. शिवाय त्या योजनेत किटचा घसारा वेगळा मिळत नाही. नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवला तर यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा, आणि खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्याच्या निम्मा. ज्या वर्षी मोठी खरेदी, त्या वर्षी दोन्ही बाजू मांडून बघा.

बूमधारी
एक राहिलं, मोडतोड. भाडं घेताय म्हणजे वापराने होणारी झीज तुमची. पण कलाकार ट्रान्समीटर खिशात घेऊन पाण्यात उतरला, स्टँडला धक्का लागून बूम पडला, गर्दीत सामान गेलं, हे प्रॉडक्शनचं. कोटेशनच्या मेलमध्येच तीन गोष्टी लिहा: कॉल टाइमपासून पॅक-अपपर्यंत सेटवर झालेल्या नुकसानीची भरपाई प्रॉडक्शन देईल, ती नव्या वस्तूच्या किमतीने होईल, दुरुस्ती चालू असेल तोवरचं भाडं, जास्तीत जास्त सात दिवस, द्यावं लागेल. तुमच्याच हातून पडलं तर ते तुमचं, हेही लिहा, म्हणजे समोरचा सही करायला कचरत नाही. व्हॉट्सअॅपवर "ओके" आलं तरी जपून ठेवा.

मेलला सामानाची यादी सीरियल नंबरसकट जोडा. हीच यादी स्टुडिओच्या गेटवर चालान म्हणून चालते आणि विम्याच्या दाव्यालाही लागते. घराच्या विम्यात धंद्याचं सामान सहसा येत नाही. फिरत्या उपकरणांसाठी "सर्व जोखीम" पॉलिसी घ्या, आणि त्यात उभ्या गाडीतून झालेली चोरी वगळली आहे का ते कलम आधी वाचा. चोरीच्या दाव्याला पोलिसांकडची तक्रार आणि खरेदीचं मूळ बिल मागतात.

कानसेन
ऐन वेळी शूट रद्द झालं तर किटचं भाडं मागायचं का? सामान तर घरीच राहिलं.

पॅकअप
मागायचं. त्या तारखेला ते दुसऱ्याला देता आलं नाही. २४ तासांच्या आत रद्द झालं तर निम्मं, आणि बाहेरून आणलेल्या वस्तूचं रेंटल हाउस जेवढं लावेल तेवढं पूर्ण.